तक्रार ऐकणारा कोण? सैन्यातील वरिष्ठांचा अधिकार आणि कनिष्ठांचा न्याय

फेब्रुवारी १९४६. मुंबईतील कुलाबा येथे ‘तलवार’ हे नौदलाचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. तेथील काही नाविकांनी आपले प्रमुख कमांडर किंग यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवली. किंग यांनी बराकीत येऊन आपल्याला ‘कुली’, ‘जंगली’ अशा शब्दांत शिवीगाळ केली, असे तक्रारीचे स्वरूप होते. नियमानुसार ही तक्रार वरच्या पायरीवर गेली आणि अखेर किंग यांच्याच टेबलावर येऊन पडली. खोटी तक्रार करणे हा किती गंभीर गुन्हा आहे, याची समज त्यांनी तक्रारदारांना दिली. १८ फेब्रुवारी रोजी नाविकांनी अन्न नाकारले आणि काम थांबवले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दोन दिवसांत हा संप मुंबई बंदरातील जहाजांवर आणि तेथून कराचीपर्यंत पोहोचला. सत्तरांहून अधिक जहाजे आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात ओढले गेले. त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुंबईकरांवर गोळीबार झाला आणि दोनशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे अशा राजकीय मागण्याही त्यांच्या यादीत होत्या. त्यांच्या जोडीला चांगले अन्न, ब्रिटिश नाविकांइतके वेतन आणि किंग यांच्यावर कारवाई याही मागण्या होत्या. स्वातंत्र्याची आकांक्षा आणि रोजचा अपमान यांची येथे गाठ पडली होती.

या घटनेकडे साधारणपणे स्वातंत्र्यलढ्याचे एक पर्व म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र तिच्यात सैनिकी प्रशासनासाठीही एक धडा आहे. कठोर हुकूम सैनिक सहन करतो. दाद मागायची तर ती ज्याच्याविरुद्ध मागायची त्याच्याकडेच, अशी अवस्था झाली की शिस्तीचा आधारच ढळतो.

गोव्याचा अनुभव

गोमंतकाने असा प्रसंग त्याहीपूर्वी पन्नास वर्षे पाहिला होता. १८९५ मध्ये पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांना आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये लढण्यासाठी जाण्याचा हुकूम झाला. घरदार मागे टाकून समुद्रापार जाण्यास शिपायांनी नकार दिला, सप्टेंबरमध्ये त्यांनी बंड पुकारले आणि सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. बंड मोडण्यासाठी राजपुत्र अफोन्सो यांच्यासह लिस्बनहून फौज आणावी लागली. राण्यांच्या उठावाची आठवण सत्तरीत आजही जिवंत आहे. त्यामागे ज्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले गेले नाही असे साधे शिपाई होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

कायदा काय सांगतो?

स्वतंत्र भारताचा लष्कर कायदा १९५० सालचा आहे. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाकडे त्याने डोळेझाक केलेली नाही. कलम ४७ नुसार हाताखालच्या व्यक्तीवर बळाचा वापर करणारा किंवा तिला अन्य प्रकारे वाईट वागवणारा अधिकारी, कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी किंवा हवालदार-नाईक लष्करी न्यायालयात दोषी ठरल्यास सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. उलट दिशेच्या गुन्ह्याची शिक्षा अधिक कडक आहे. वरिष्ठावर हात उचलणाऱ्यास कलम ४० खाली दहा वर्षांपर्यंत, तर वरिष्ठ कर्तव्यावर असताना किंवा युद्धसेवेच्या काळात हा गुन्हा घडल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रणांगणावर आज्ञाभंग झाला तर संपूर्ण तुकडीचा जीव धोक्यात येतो, हे या तफावतीमागचे तर्कशास्त्र आहे.

दाद मागण्याचा मार्ग कलम २६ मध्ये दिला आहे. वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाने आपल्या कंपनीच्या किंवा तुकडीच्या प्रमुखाकडे तक्रार करावी. तक्रार त्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर त्याच्या लगतच्या वरिष्ठाकडे जावे. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने तिची शक्य तितकी पूर्ण चौकशी केलीच पाहिजे. ‘तलवार’वर जे घडले ते पुन्हा घडू नये, अशी तरतूद कागदावर आहे.

तरीही व्यवहारात अडचण उरते. लगतच्या वरिष्ठापर्यंत जाण्याचा रस्ता बहुधा त्याच प्रमुखाच्या कार्यालयातून जातो. त्या प्रमुखाच्या हातात इतरही बरेच काही असते. किरकोळ गुन्ह्यासाठी कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात जवानाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतो. समरी कोर्ट मार्शल भरवल्यास न्यायाधीश तो एकटाच असतो. सोबत दोन जण उपस्थित असतात, पण निर्णय त्यांचा नसतो. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील हुद्द्याचा अधिकारी या न्यायालयात एक वर्षापर्यंत कारावास देऊ शकतो आणि जवानाला बडतर्फही करू शकतो. फिर्यादी ज्याच्या अखत्यारीत, न्यायासनही त्याचेच, अशी ही रचना आहे.

जेवण नाकारल्याचा गुन्हा

ही रचना किती दूर जाऊ शकते, हे रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसले. ठाकूर हे सैन्याच्या सिग्नल रेजिमेंटमध्ये सिग्नलमन होते. १९८५ मध्ये त्यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्धचे गाऱ्हाणे थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवले. निवेदन पाठवण्याची ठरलेली रीत मोडली म्हणून त्यांना अठ्ठावीस दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ती भोगत असताना त्यांना जेवण्याचा हुकूम देण्यात आला आणि त्यांनी जेवण नाकारले. हा कायदेशीर हुकमाचा भंग ठरवून त्यांच्यावर समरी कोर्ट मार्शल भरवण्यात आले. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तोच त्या न्यायालयात बसला होता. एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी, असा निकाल लागला.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हा निकाल रद्द केला. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीबद्दल हरकत आहे का, असे आरोपीला विचारलेही गेले नव्हते. न्यायाधीशाने ‘मी पक्षपाती आहे का’ असे स्वतःच्या मनाला विचारून भागत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात रास्त शंका निर्माण होते का, हे पाहिले पाहिजे, असा निकष न्यायालयाने लावला. अपराधाच्या मानाने शिक्षा अवाजवी होती, असेही म्हटले. ठाकूर यांना सर्व आर्थिक आणि सेवाविषयक लाभांसह परत घेण्याचा आदेश झाला. मात्र तोवर त्यांनी वर्षभराचा तुरुंगवास भोगून संपवला होता.

सहायकाचा प्रश्न

अधिकाराचा गैरवापर नेहमीच मारहाणीच्या किंवा शिक्षेच्या रूपात येत नाही. लष्करात अधिकाऱ्याच्या दिमतीला सहायक देण्याची ब्रिटिश काळापासूनची पद्धत आहे. युद्धभूमीवर अधिकाऱ्याचा साथीदार, त्याच्या शस्त्रांची आणि संदेशयंत्रणेची काळजी घेणारा, अशी सहायकाची मूळ कल्पना. प्रत्यक्षात काही ठिकाणी त्याच्याकडून घरची धुणीभांडी, बाजारहाट, कुत्रा फिरवणे अशी कामे करून घेतली जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्ये या प्रथेला लाजिरवाणी म्हणत ती बंद करण्याची शिफारस केली. नौदल आणि हवाई दलात अशी पद्धत नाही, हे लक्षात घेतले तर तिच्याविना सैन्य चालत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

२०१७ च्या आरंभी निमलष्करी दलातील आणि लष्करातील काही जवानांनी आपली गाऱ्हाणी चित्रफितींद्वारे समाजमाध्यमांवर मांडली. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जवानांच्या तक्रारी थेट वर पोहोचाव्यात म्हणून तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली आणि समाजमाध्यमांचा आधार घेणाऱ्यांवर कारवाई होऊ शकते, असेही बजावले. त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळाली छावणीत, सहायक पद्धतीवरील छुप्या चित्रीकरणात दिसलेल्या एका जवानाचा मृतदेह सापडला. चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारावर आणि एका निवृत्त सैनिकावर नोंदवलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला.

वृत्तपत्रांकडे जाण्यास सैनिकाला नियमांनी मनाई आहे आणि संघटना स्थापन करण्याचा हक्कही मर्यादित आहे. राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला असे निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे. म्हणूनच आतला मार्ग विश्वासार्ह असण्याची जबाबदारी सैन्यावर अधिक येते.

बाहेरचे दार

लष्करी न्यायालयाच्या निकालावर एकही अपील नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात लक्ष वेधले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले. गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात यांसाठी मुंबईचे पीठ आहे. माळव्यातील देवास, धार, टोंकखुर्द या भागातील जवानासाठी जबलपूरचे पीठ आहे. आधी सैन्यातील उपाय अवलंबावे लागतात. निवेदनावर सहा महिने निर्णयच झाला नाही तर तो उपाय संपला असे मानून न्यायाधिकरणाकडे जाता येते. अंतिम आदेश झाला असेल, तर त्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून प्रत्येक निवेदन लेखी देणे, त्याची प्रत आणि तारीख जपून ठेवणे, हे जवानाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या हिताचे आहे.

या दारालाही उंबरठा आहे. बदली आणि नेमणूक, कोणत्याही प्रकारची रजा, तसेच बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कारावास नसलेले समरी कोर्ट मार्शल, हे विषय न्यायाधिकरणाच्या सेवाविषयक कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. रोजच्या जाचाची साधने मात्र बहुधा हीच असतात. वडिलांच्या आजारपणात नाकारलेली रजा, तक्रारीनंतर आलेली बदली, आठवड्यामागून आठवडा लादलेली जादा पहाऱ्याची पाळी, यांची दाद न्यायाधिकरणात सहसा लागत नाही.

अशा प्रकरणांत पुन्हा कमांडिंग ऑफिसरच्या न्यायबुद्धीवरच भिस्त ठेवावी लागते. बहुसंख्य अधिकारी ती ढळू देत नाहीत, म्हणूनच सैन्य उभे आहे. परंतु एखाद्याने ती ढळू दिली, तर जवानाला तुकडीबाहेरच्या व्यक्तीकडे निर्भयपणे जाता आले पाहिजे. त्यासाठी कायदा नव्याने लिहिण्याआधी दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्या तक्रारदाराच्या शिक्षेपासून आणि बदलीपासून दूर ठेवणे, आणि तक्रारीवर काय निर्णय झाला हे ठरावीक मुदतीत तक्रारदाराला लेखी कळवणे. १९४६ च्या फेब्रुवारीत ‘तलवार’च्या नाविकांना एवढे मिळाले असते, तर किमान किंग यांच्याविरुद्धची त्यांची तक्रार किंग यांच्याच समोर तरी गेली नसती.