शिट्ट्या मोजू नका

"मावशी, चार शिट्ट्या काढल्या, तरी डाळ दाताखाली कचकचतेय." नोकरीसाठी बंगळुरूला खोली घेऊन राहिलेल्या भाच्याचा फोन. गॅस केवढा होता? मोठा. डाळ भिजवली होतीस? पलीकडे शांतता. मग हळूच, "भिजवायची असते?"

चूक त्याची नाही, आपली आहे. वरणाला चार, बटाट्याला तीन, छोल्यांना सहा, अशी शिट्ट्यांची पाठांतरं आपणच पोरांना देतो. मोठ्या गॅसवर छोट्या कुकरच्या चार शिट्ट्या चार-पाच मिनिटांत होऊन जातात. मंद आचेवर त्यालाच पंधरा मिनिटंही लागतील. आत डाळ किती वेळ शिजली, हे त्या आकड्यावरून कसं कळणार? आत जास्त झालेली वाफ बाहेर टाकली, एवढंच शिट्टी सांगते. पदार्थ शिजल्याची ती पावती नव्हे.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि मग कितीही जाळ केला तरी त्यापुढे तापत नाही, नुसतं आटतं. उंचावर तर तेवढंही तापत नाही. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ते ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याला १२० अंशांपर्यंत तापावं लागतं. तेवढ्या वीस अंशांत तासाचं काम वीस मिनिटांवर येतं. ही युक्ती फ्रेंच डॉक्टर दनी पापँ यांची. १६७९ मध्ये लंडनला त्यांनी असं भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या मंडळींनी त्यात शिजवलेलं जेवण केलं, तेव्हा हाडंसुद्धा मऊ झाली होती. आपल्याला वरण-भात जमला तरी पुष्कळ.

नवा कुकर आणलात तर पहिल्या दिवशी त्यात नुसतं दोन पेले पाणी उकळा. वाफ फक्त शिट्टीतून येते की झाकणाच्या कडेनंही, ते बघा. कडेनं येत असेल तर रिंग नीट बसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी वरण-भात. तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा, तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घाला. तेलानं फेस कमी येतो. चिंच-आमसूल आत्ता नको, आंबटानं डाळ शिजायला वेळ लावते. तांदळाला दुप्पट पाणी, नवा असेल तर थोडं कमी. कुकरच्या तळाशी जाळी आणि दोन पेले पाणी. ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका, म्हणजे आतून काळा पडत नाही. खाली डाळीचा डबा, वर भाताचा. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्या. लगेच गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. दहा-बारा मिनिटं. त्यात एखादी शिट्टी होईल किंवा होणारही नाही, काळजी नको. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप पडू द्या. ती दहा मिनिटंही शिजण्याचीच असतात, आणि घाईची माणसं नेमकी तीच वाया घालवतात.

रात्रभर भिजलेल्या छोल्यांना बारीक गॅसवर वीसेक मिनिटं लागतात. डाळ खूप जुनी असेल किंवा पाणी जड असेल, तर सगळी गणितं बिघडतात. मग पाच मिनिटं वाढवायची, त्यात कमीपणा नाही.

आता माझी फजिती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाहुणे वाढले म्हणून मी डब्यांऐवजी थेट कुकरमध्येच मसुराची डाळ शिजवायला घातली, गळ्यापर्यंत. फेस शिट्टीच्या नळीत चढला, नळी बंद झाली, शिट्टी काही होईना. मी आपली वाट बघतेय. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ छताला. व्हॉल्व्हनं आपलं काम चोख केलं होतं, चूक माझी होती. डाळी, कडधान्यं आणि तांदूळ थेट शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, बाकी पदार्थांना दोन तृतीयांश. आणि दर वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं ना, हे बघायचं. तेव्हापासून मी बघते. उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी त्याच कंपनीचा नवा बसवावा, दुकानदार म्हणाला "चालेल" तरी दुसरा नको. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, आत अजून वाफ आहे. पातळ डाळ आत असताना चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. त्यानं ओटाभर डाळ होते आणि हातही भाजतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. परवा त्यानं स्वतःहून कळवलं, "एक शिट्टी, मग बारा मिनिटं, डाळ लोण्यासारखी." आता त्याला गणपतीत मोदक करायचे आहेत. त्यासाठी कुकर चालतो. तळाशी पाणी, वर चाळणीत मोदक, झाकण लावून दहा-बारा मिनिटं. फक्त शिट्टी काढून कट्ट्यावर ठेवायची.