जुनी आलिशान मोटार घेताना आधी मागचे आसन पाहा

धाराशिव, प्रतिनिधी

तुळजाभवानीचे दर्शन, सोलापूरचे रुग्णालय, लातूरची शिकवणी आणि सणासुदीला पुण्याचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास ही सारी कामे धाराशिव जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत एकाच मोटारीवर असतात. अशा वेळी नव्या छोट्या गाडीच्या किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली मोठी, दणकट, लांब पल्ल्याची गाडी मिळत असेल तर मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र ही खरेदी वेग आणि रुबाब पाहून केली, तर पश्चात्तापाची वेळ येते. गाडी कोणासाठी घ्यायची आणि ती बिघडल्यास कोठे न्यायची, या दोन प्रश्नांची उत्तरे व्यवहारापूर्वीच हाती असायला हवीत.

लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात करण्यासाठी बनविलेल्या मोटारींना युरोपात ‘ग्रँड टुरर’ म्हणतात. मूळ कल्पना दोन दरवाजांच्या गाडीची होती आणि तिचे मागचे आसन नावापुरतेच असे. आजी-आजोबा व मुले असलेल्या घराला ती उपयोगाची नाही. आपल्याकडे हे काम चार दरवाजांच्या मोठ्या गाड्यांनी केले. त्यातील ठळक नाव स्कोडा ऑक्टाव्हियाचे. मराठवाड्याला ते परके नाही. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून ही गाडी तयार होऊ लागली. २०१३ मध्ये आलेल्या पिढीची डिकी ५९० लिटरची आहे आणि मागची काच डिकीच्या झाकणासह वर उचलली जाते, त्यामुळे मोठे सामान सहज ठेवता येते.

घरातील ज्येष्ठांना बसवून पाहा

गाडी पाहण्यास एकट्याने जाऊ नये. गुडघेदुखी असलेल्या आजींना तिच्यात चढता-उतरता येते का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. अशा गाड्यांची आसने खाली असतात. मागे मधोमध उंचवटा असल्याने तिसऱ्या व्यक्तीची अडचण होते. घरात सहा-सात माणसे असतील तर इनोव्हासारखी उंच गाडीच योग्य ठरते. मागच्या तिन्ही जागांना तीन टोकांचे पट्टे आहेत का, लहान मुलांचे आसन पक्के बसविण्याची सोय आहे का, हेही तपासावे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ अपघाती निधन झाले, तेव्हा ते मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. २०१९ पूर्वीच्या गाडीत एअरबॅग व एबीएस असेलच, असे गृहीत धरू नये.

आतला बिघाड कसा ओळखावा?

स्वयंचलित गिअर असलेल्या गाडीत विशेष दक्षता हवी. ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर पेट्रोल गाडीतील सात गिअरच्या पेटीत कोरडे क्लच असतात. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी तासन् तास इंच-इंच सरकते, तेव्हा हे क्लच तापतात. त्यामुळे चाचणी मोकळ्या महामार्गावर न घेता गर्दीत आणि चढावर घ्यावी. पहिल्या तीन गिअरमध्ये धक्के जाणवले तर पुढे जाऊ नये, कारण ही दुरुस्ती अत्यंत खर्चिक असते. डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी. तो धावत्या गाडीत तुटल्यास इंजिनच निकामी होऊ शकते. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी केवळ गावातल्या गावात फिरत राहिली तर ती तुंबते. ज्यांचा महामार्गावरील प्रवास कमी आहे, त्यांनी पेट्रोल गाडीचा विचार करावा. जुन्या पेट्रोल गाडीसाठी वीस टक्के इथेनॉलचे इंधन चालते का, याची खात्री कंपनीच्या सेवा केंद्रातून करून घ्यावी.

टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, त्यामुळे सर्व्हिसच्या नोंदींशी त्याचा ताळा पाहावा.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा, भूम तालुक्यांत पुराचे थैमान झाले. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येण्याची शक्यता लक्षात घेता आसनाचा पट्टा टोकापर्यंत ओढून चिखलाचे डाग पाहावेत. आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज, गालिच्याचा कुबट वास आणि दिव्याच्या काचेतील बाष्प याही खुणाच आहेत.

कागदपत्रे पूर्ण झाल्यावरच पूर्ण पैसे

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५ आवश्यक आहे. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. ‘एमएच-२५’ ही धाराशिवची नोंदणी नसेल तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्रही हवे. राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत ती कळवायची असते. परराज्यातील गाडी स्वस्त मिळते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातल्यानंतर तिकडच्या गाड्या अन्यत्र विकल्या जाऊ लागल्या. मात्र येथे नव्याने नोंदणी करताना कर भरावा लागतो. तो जमेस धरला की स्वस्ताई फारशी उरत नाही.

नोंदणी जुन्याच नावावर राहिली तर गुंता वाढतो. कागदोपत्री जो मालक, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले. विमा खरेदीदाराच्या नावे झाला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रलंबित ई-चलनेही आधीच तपासावीत.

शेवटी, सेवा केंद्राचे अंतर. सुटा भाग सोलापूर किंवा पुण्याहून मागवावा लागणार असेल, तर गाडी चार दिवस उभी राहणार हे गृहीत धरावे. आजारी माणसाला रात्री सोलापूरला न्यायचे असेल आणि गाडी गॅरेजमध्ये असेल, तर तिचा रुबाब काहीच कामाचा नाही. म्हणून खरेदीच्या रकमेतून किमान दहा टक्के पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत, विश्वासू मेकॅनिकला सोबत न्यावे आणि सारे घर एकदा गाडीत बसवून पाहिल्याखेरीज इसार देऊ नये.