कार्बन तंतूंचा मुका मार

विमानाची देखभाल करताना कारागिराच्या हातून पाना निसटून पंखावर पडला तर काय होईल? पंख अॅल्युमिनियमचा असेल तर पोचा पडेल आणि तो सहज नजरेस येईल. पंख कार्बन तंतूंच्या संमिश्राचा असेल, तर पृष्ठभागावर कदाचित काहीच दिसणार नाही. आत मात्र इजा झालेली असू शकते. माणसाला मुका मार लागावा, तसाच हा प्रकार.

बोइंग ७८७ विमानाच्या वजनात सुमारे ५० टक्के आणि भारतीय ‘तेजस’मध्ये सुमारे ४५ टक्के वाटा संमिश्रांचा आहे. केसापेक्षा कितीतरी बारीक असे कार्बनचे तंतू वेगवेगळ्या दिशांनी थरांत मांडून ते इपॉक्सी राळेने सांधले जातात. तंतूच्या दिशेने हा पदार्थ अतिशय बळकट असतो. पण दोन थरांना जोडून ठेवते ती केवळ राळ.

धातू आघाताची ऊर्जा वाकून पचवतो. कार्बन तंतू आणि राळ दोन्ही ठिसूळ असल्याने येथे ऊर्जा तडे जाण्यात खर्च होते. आघाताने पत्रा क्षणभर वाकतो, राळेत बारीक भेगा पडतात आणि त्या थरांच्या सांध्यापर्यंत पोहोचल्या की आडव्या पसरून थर सुटे होतात. ही इजा बहुधा आतल्या बाजूला अधिक रुंद असते.

खळीने चिकटवलेला पुठ्ठा ताठ उभा राहतो, पण त्याचे कागद सुटे झाले की जरा दाबताच वाकतात. सुटलेल्या थरांचेही तसेच होते. त्यामुळे पदार्थाची दाब सोसण्याची क्षमता कधी कधी निम्म्यावर येते. उड्डाणात पंखाची वरची बाजू दाबाखालीच असते आणि गारा किंवा हत्यारे पडतात तीही तिथेच.

माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो. तडा असेल तर तो बद्द वाजतो. विमानतंत्रज्ञही नाण्याने किंवा लहान हातोडीने ठोकून असाच आवाज ऐकतात. इजेची नेमकी खोली आणि व्याप्ती कळण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची तपासणी करतात.

नजर चुकणार, हे अभियंते आधीच गृहीत धरतात. जेमतेम दिसणारी इजा असतानाही अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने पेलला पाहिजे, असा दंडक असतो. आघात कळूनही तो न सांगणे म्हणूनच धोक्याचे. तपासणी कुठे करायची हे त्या माहितीवरच ठरते.

कार्बन सांगाड्याच्या सायकलींनाही हे लागू आहे. जोरात पडलेली सायकल रंग शाबूत आहे म्हणून तशीच दामटू नये; जाणकाराकडून आधी तपासून घ्यावी. धातू बहुधा वाकून इशारा देतो, कार्बन मात्र अनेकदा एकदम तुटतो.