शिआनची सफर : चार रात्री, तीही निवांत

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा, यंदा कुठं जायचं? दुबई झाली, अजमेर झालं, उमराहून आलेल्यांना मुलांसाठी काहीतरी वेगळं हवंय. आमच्याकडे चीनबद्दलचे प्रश्नही वाढले आहेत. खायचं काय? नमाजचं कसं? दादीला झेपेल का?

धंद्यानिमित्त ग्वांगझू किंवा यिवूला जाऊन आलेले लोक आपल्यात आहेत. पण धंद्याची फेरी वेगळी आणि कुटुंबाची सहल वेगळी. बीजिंग, शांघाय, शिआन असं सगळं सात दिवसांत दाखवणाऱ्या पॅकेजमध्ये निम्मा वेळ विमानतळावर आणि रेल्वे स्टेशनवर जातो. जेवण ग्रुपसोबत, त्यामुळे आपली माणसं बिस्किटं आणि केळी खाऊन दिवस काढतात. आमचं म्हणणं असं की एकच शहर निवडा आणि ते शहर शिआन असू द्या. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. बाकीचा दिवस नमाज आणि जेवण यांच्याभोवती आपोआप बसतो.

शिआनच का?

शिआन म्हणजे जुनं छांगआन. तांग घराण्याची राजधानी आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. अरब आणि इराणी व्यापारी इथे येऊन राहिले. हुई मुसलमानांची जुनी वस्ती आजही शहराच्या अगदी मध्यात, ढोल मनोऱ्याच्या मागच्या गल्ल्यांत आहे. शहर सव्वा कोटीच्या घरातलं, पण पाहुण्याला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी या वस्तीपासून चालत जाता येतील अशा अंतरावर आहेत.

इथली मोठी मशीद पाहून मुलं आधी गोंधळतात. ना घुमट, ना उंच मिनार. उतरत्या कौलांची छपरं, लाकडी कमानी आणि एकामागून एक अंगणं. मिनाराच्या जागी तीन मजली अष्टकोनी लाकडी मनोरा आहे. परंपरा मशिदीची स्थापना इसवी सन 742 ची सांगते. आज दिसणाऱ्या इमारती मुख्यतः 1392 च्या बांधकामापासूनच्या, म्हणजे मिंग काळापासूनच्या आहेत. चिनी मंदिरं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही वास्तू मात्र पूर्व-पश्चिम आहे, कारण शिआनहून किब्ला जवळपास पश्चिमेला येतो. आपल्याकडे आहे तसाच.

आणखी एक गंमत. हुई लोकांच्या बोलीत फारसी शब्द टिकून आहेत. नमाजला ते 'नमाज'च म्हणतात, मित्राला 'दोस्त'वरून आलेला शब्द वापरतात, आणि इमामाला 'आहोंग', म्हणजे आपला आखुंद. उच्चार चिनी, पण कान देऊन ऐकलं तर ओळख पटते. एक सलाम केलात तर पुढचं काम सोपं होतं.

मुक्काम कुठं करावा

हॉटेल घंटा मनोरा आणि ढोल मनोरा यांच्या आसपास घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल, कारण इथून मशीद आणि हलाल जेवण दोन्ही पायी गाठता येतं. दुपारी दादी दमली तर तिला खोलीवर सोडून परत निघता येतं. लांबच्या स्वस्त हॉटेलात राहिलात तर सकाळी बाहेर पडलेलं कुटुंब रात्रीच परततं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय दुखतात. परदेशी पासपोर्टवर खोली देतात का, हे बुकिंगआधी विचारा. पोलिसांकडची नोंदणी हॉटेलच करतं.

जेवण : ओळख दोन अक्षरांची

चिनी भाषेत हलालला 'छिंगझेन' म्हणतात. ही दोन अक्षरं कशी दिसतात त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. पाटीवर तीच अक्षरं शोधायची. मुस्लिम वस्तीत ती पावलोपावली दिसतील. वस्तीबाहेर मात्र सावध राहा. चिनीत नुसतं 'मांस' म्हटलं की बहुतेक वेळा अर्थ डुकराचं मांस असाच होतो. रोजियामो नावाची भरलेली भाकरी हुई दुकानात गोमांसाची मिळते, तीच बाहेर डुकराच्या मांसाची असते. बेकरीच्या पदार्थांत चरबी आणि भाज्यांत स्वयंपाकाची दारू असू शकते. म्हणून 'भाजी आहे ना, चालेल' असं धरून चालू नका.

वस्तीतला मुख्य रस्ता बेयुआनमेन. तिथे गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. मागच्या दापियुआन आणि साजिनछियाओ या गल्ल्यांत स्थानिक लोक जेवतात, तिकडे वळा. आणि एक जेवण पावमोचं कराच. आधी एक रिकामा वाडगा आणि जाड कडक भाकरी समोर येते. भाकरी आपणच चिमटीनं बारीक तोडायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मग वाडगा परत आत जातो आणि मटणाच्या गरम रश्शासह बाहेर येतो. सोबत लसणाचं लोणचं. रश्शात भाकरी कुस्करून खाणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. तोडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ सगळं कुटुंब एका टेबलाभोवती गप्पा मारत बसतं. सहलीला आपण जातो ते यासाठीच ना?

घरून काही न्यायचं असेल तर सुकी चटणी, थालीपीठ, चिवडा न्या. मांस, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं चीनमध्ये नेता येत नाहीत. खिमा आणि तूप घरीच राहू द्या.

चार रात्रींचा बेत

पहिला दिवस पोहोचण्याचा. संध्याकाळी वस्तीत जेवण आणि झोप, दुसरं काहीही ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मशीद, दुपारी पावमो, मग आराम. मगरिबनंतर दोन्ही मनोऱ्यांची रोषणाई पाहा.

तिसरा दिवस मातीच्या सैन्याचा. 1974 मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना हे पुतळे सापडले. छिन शी हुआंग या सम्राटाच्या कबरीजवळचं हे सैन्य, आठ हजारांच्या आसपास. ठिकाण शहराच्या पूर्वेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे. तिकीट पासपोर्टच्या नावावर आधीच काढावं लागतं. वस्तीतून भाकरी आणि फळं बांधून न्या, म्हणजे तिथे हलाल शोधत फिरावं लागणार नाही. या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका. संध्याकाळी सगळे दमलेले असतील.

चौथ्या दिवशी उशिरा उठा. असरच्या सुमाराला शहराच्या तटावर जा. 14 व्या शतकातला हा तट 13.7 किलोमीटर लांब आणि वर एवढा रुंद आहे की भाड्याची सायकल आरामात चालते. मुलं सायकलवर, मोठी माणसं बाकावर. पूर्ण फेरी मारलीच पाहिजे असं काही नाही.

पाचव्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर मोठा हंस पॅगोडा बघून घ्या. ह्युएन त्संगने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला तो 652 मध्ये बांधला गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, शाळेच्या पुस्तकात भेटलेला हाच तो प्रवासी. मुलांना हे सांगा, इमारतीकडे बघायची नजर बदलते.

नमाज आणि सफर

चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पूर्ण देशाला एकच घड्याळ, त्यामुळे शिआनला सूर्य घड्याळापेक्षा थोडा मागे असतो. जोहर पाऊणच्या आसपास लागते, उन्हाळ्यात मगरिब आठच्या सुमारास. वेळा ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवा.

वरचा बेत हनफी आणि शाफई दोन्ही घरांना सोयीचा आहे. हनफी मतानुसार मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी, म्हणून कसर. शाफई मतानुसार, म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत, येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस भरले तर नमाज पूर्ण पढावी लागते. इथे मधले दिवस तीनच आहेत. स्थानिक इमामामागे जमातीत उभे राहिलात तर मात्र पूर्ण नमाज. तरी निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना एकदा विचारून घ्या.

प्रत्येकाची छोटी जानमाज आणि एक रिकामी बाटली सोबत ठेवा. सार्वजनिक शौचालयांत पाण्याची सोय आपल्यासारखी नसते, अनेकदा कागदही आपलाच लागतो.

पैसे, फोन, कागद

यूपीआय विसरा. तिथे सगळा व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवर चालतो. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्यांत जोडता येतं. हे घरूनच करा, कारण पडताळणीचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. थोडे युआन रोख ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब चालत नाही. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर ते सहसा चालतं. भाषांतराचं ॲप ऑफलाइन भरून ठेवा.

व्हिडिओंत 'दहा दिवस व्हिसा लागत नाही' असं ऐकलं असेल. ती ट्रान्झिटची सवलत ठरावीक देशांना आहे, त्या यादीत भारत नाही. व्हिसा आधी, विमानाचं तिकीट नंतर. आणि 1 ऑक्टोबरचा आठवडा, 1 मेचे दिवस आणि चिनी नववर्ष टाळा. त्या काळात अर्धा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो. एप्रिल किंवा दिवाळीची सुट्टी उत्तम. दिवाळीत गरम कपडे हवेतच.

एक गोष्ट मनातली

'तिथल्या मुसलमानांवर एवढं होत असताना आपण फिरायला जायचं?' हा प्रश्नही आमच्याकडे येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शिनजियांगमधल्या उइगर आणि इतर मुसलमानांच्या मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट 2022 च्या अहवालात नोंदवलं आहे. शिआन त्या प्रांतापासून दूर आहे आणि हुई समाजाची परिस्थिती वेगळी आहे, पण धर्मावर सरकारची नजर तिथेही आहे. याच कारणासाठी एखादं कुटुंब जायचं नाही असं ठरवत असेल तर त्याचा आदर करायला हवा. जे जातील त्यांनी एवढं पाळावं : नमाज पढणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, स्थानिक लोकांना राजकारणाचे प्रश्न विचारू नयेत, धार्मिक पुस्तकं वाटू नयेत. आपण चार दिवसांनी परत येतो, त्यांना तिथेच राहायचं असतं.

सलाम करा, त्यांच्या दुकानात जेवा, त्यांच्या मशिदीत दोन रकात पढा. चार रात्रींत चीन बघून होत नाही, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण दादी हसत परत आली आणि मुलांनी 'पुन्हा कधी?' विचारलं, तर सफर झाली म्हणायची. बाकीचं पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह.