क्ष-किरण तपासणीतील ‘डाय’ : उपयोग आणि दक्षता

नागपूरच्या प्रताप नगरातील एखाद्या कुटुंबात रुग्णाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘काँट्रास्टसह सी. टी. स्कॅन’ असे लिहिले, की चिंतेला प्रारंभ होतो. ‘डाय’च्या इंजेक्शनाने मूत्रपिंडे बिघडतील काय, हा पहिला प्रश्न असतो. भीतीपोटी आवश्यक तपासणी टाळणे जसे हानिकारक, तसेच जुने आजार लपवून ती करून घेणेही धोक्याचे आहे.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. हाडे हे किरण अडवितात, म्हणून ती ठळक दिसतात. आतडी व रक्तवाहिन्या मात्र भोवतालच्या मऊ भागांतून वेगळ्या ओळखू येत नाहीत. बेरियम आणि आयोडीन ही जड मूलद्रव्ये क्ष-किरण अडवीत असल्याने त्यांच्या साहाय्याने हे अवयव स्पष्ट दिसू लागतात.

अन्ननलिका व जठर यांच्या तपासणीसाठी बेरियम सल्फेट पाण्यात कालवून पाजतात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. परंतु बेरियम सल्फेट विरघळत नसल्याने रक्तात न मिसळता शौचावाटे बाहेर पडते. आतड्यास छिद्र पडल्याची शंका असल्यास मात्र ते देत नाहीत.

रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग आदींसाठी आयोडीनयुक्त द्रव्य शिरेतून अथवा धमनीतून देतात. त्या वेळी अंगात ऊब जाणवणे वा तोंडास धातूसारखी चव येणे स्वाभाविक आहे. मूत्रपिंडे निरोगी असल्यास बहुतांश द्रव्य २४ तासांत लघवीवाटे निघून जाते. काहींच्या अंगावर पित्त उठते. श्वास कोंडण्यासारखी तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते. ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात उद्भवते. म्हणून तपासणीनंतर लगेच घरी जाण्याची घाई करू नये.

मूत्रपिंडाचा वा थायरॉइडचा विकार, मधुमेह, दमा, गर्भारपण आणि पूर्वी ‘डाय’चा झालेला त्रास यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. मेटफॉर्मिनची गोळी चालू असल्यास तेही सांगावे; ती स्वतःहून बंद करू नये. केवळ मासे सोसत नाहीत, एवढ्यावरून ही तपासणी वर्ज्य ठरत नाही. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होते. यास्तव डॉक्टरांची मनाई नसल्यास पुरेसे पाणी प्यावे.

नागपुरात १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे की अन्यत्र, जुने अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. रुग्णाने मोकळेपणाने दिलेली माहिती हीच या तपासणीतील पहिली दक्षता होय.