उचंत खात्यातले चौसष्ट हजार

आडी महिन्यात चेन्नईचा सोनेबाजार मंदावतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा तमिळ महिना. लग्नं नसतात, शुभकार्यं पुढे ढकललेली असतात, टी. नगरच्या कपड्यांच्या दुकानांवर सवलतीच्या पाट्या लागलेल्या असतात. सौकारपेटमधल्या आमच्या गलाईच्या दुकानात त्या दिवसांत भट्टी दिवसाआड पेटते. अशाच एका सोमवारी सकाळी मी रोजकीर्द उघडून बसले होते आणि फोनवर मेसेज आला: चालू खात्यात ६४,००० रुपये जमा.

येणी कुणाकुणाकडून आहेत ते मला पाठ असतं, कारण मंदीच्या महिन्यात आम्ही त्यांच्याच आशेवर बसलेले असतो. चौसष्ट हजार कुणाकडूनच यायचे नव्हते. तरी कीर्द पुन्हा वाचली, मागच्या तीन महिन्यांची खतावणी चाळली. मग मेसेज बाजूला ठेवून बँकेचं ॲप उघडलं आणि शिल्लक पाहिली, कारण खोटे मेसेज हल्ली हुबेहूब बँकेसारखे येतात. शिल्लक खरोखरच वाढली होती. नोंदीत नेफ्टचा सोळा अक्षरी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक होता आणि पाठवणाऱ्या कारखान्याचं नाव होतं. ते नाव मी कधी ऐकलेलंही नव्हतं.

सासऱ्यांना दाखवलं. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी चष्मा चढवून आकडा वाचला आणि म्हणाले, "कुणाचं हाय ते आधी बघ. तवर हात लावायचा न्हाई."

आमचं घर विट्याजवळचं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईसाठी माणसं देशभर पांगली, त्यात आप्पांचे वडीलही होते. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, टंच, म्हणजे शुद्धता, काढून परत द्यायचं. या धंद्यात हाताखालून जाणारा जवळजवळ प्रत्येक कण दुसऱ्याचा असतो. गिऱ्हाईक पुडी देतं, तिच्यावर नाव आणि वजन लिहिलं जातं, मगच ती मुशीपर्यंत पोचते. आप्पांच्या गल्ल्याशेजारी एक छोटा कप्पा आहे. गर्दीत कधी नाव न लिहिलेली पुडी राहून गेली, तर ती वितळवायची नाही, त्या कप्प्यात ठेवायची आणि मालक येईपर्यंत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मालक आला की वजन सांगायला लावायचं. वजन जुळलं तर पुडी त्याची.

हिशेबाच्या वहीत त्या कप्प्याला नाव आहे: उचंत खातं. कुणाचं हे ठरेपर्यंत रक्कम तिथे थांबते. मी तारीख घातली, यूटीआर क्रमांक उतरवला आणि ६४,००० उचंत खात्याला जमा केले.

दुपारी पासबुक घेऊन शाखेत गेले. काउंटरवरच्या बाई तिशीच्या असतील. "पणम् तप्पा वन्दिरुक्कु," मी म्हटलं, म्हणजे पैसे चुकून आलेत. त्यांनी नोंद उघडली, चार-पाच वेळा कळा दाबल्या आणि म्हणाल्या, "अक्का, तुम्ही यातलं काही खर्च केलं नाही ना? त्यांना फोनही केला नाही ना?" खर्चाचा प्रश्न मला अपेक्षित होता. फोन करू नका, हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं. उलट कारखान्याचं नाव शोधून स्वतःच कळवावं, असा माझा विचार होता.

त्यांनी समजावलं ते असं. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले पाहिजेत. मी ज्याला फोन करीन तो माणूस त्याच कारखान्याचा आहे, हे मी कशावरून ठरवणार? त्याने दुसराच खातेक्रमांक दिला आणि मी तिथे पैसे पाठवले, तर माझ्या नावावर दोन स्वतंत्र व्यवहार उरतात: एक आलेला, एक गेलेला. मूळ मालक उद्या आपल्या बँकेकडे तक्रार करील, तेव्हा आलेली रक्कम माझ्याकडेच दिसेल. पैसे एकदा देऊन झालेले असतील आणि पुन्हा द्यावे लागतील. त्याहून वाईट म्हणजे ती रक्कम कुणाला फसवून काढलेली असली, तर ती पुढे सरकवणारं खातं माझं ठरेल. पोलिस पैशाच्या मागावर येतात तेव्हा वाटेतली खाती गोठवली जाऊ शकतात, आणि चालू खातं गोठलं की दुकान थांबतं.

हे ऐकताना मला आमच्या शेजारच्या दुकानातला मुलगा आठवला. त्याला एका अनोळखी माणसाचा फोन आला होता: "दादा, चुकून तुमच्या नंबरवर पाच हजार गेले, आई दवाखान्यात आहे, लगेच परत करा." सोबत जमा झाल्याचा मेसेजही होता. मुलगा भला, त्याने तिथल्या तिथे पाच हजार पाठवले. संध्याकाळी शिल्लक पाहिली तेव्हा कळलं की त्याच्या खात्यात काही आलंच नव्हतं. तो फोन त्याच्या चांगुलपणावरच नेम धरून केलेला होता. असं काही घडलं तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. उशीर झाला की पैसा चार खाती ओलांडून पुढे गेलेला असतो.

माझ्या बाबतीत फोन आला नाही, आणि तेच स्वाभाविक होतं. नेफ्टने रक्कम खातेक्रमांकावर येते. पाठवणाऱ्याकडे माझा मोबाईल नंबर असायचं कारण नाही. चूक लक्षात आल्यावर तो आपल्या बँकेत जाणार, त्याची बँक माझ्या बँकेला लिहिणार आणि माझी बँक मला बोलावणार. यूपीआयने थेट मोबाईल नंबरवर पैसे आले असतील, तर खरा माणूसही फोन करू शकतो. तिथे मोठ्या रकमेला एकच उत्तर द्यावं: "पैसे सुरक्षित आहेत, तुमच्या बँकेत तक्रार नोंदवा, मी माझ्या बँकेत संमती देते."

बाईंनी कोरा कागद पुढे केला. अर्जात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: खातेक्रमांक, तारीख, रक्कम, यूटीआर; ही रक्कम माझी नाही, पाठवणाऱ्याशी माझा कोणताही व्यवहार नाही; ती माझ्या खात्यातून वळती करून मूळ खात्यात परत पाठवण्यास माझी संमती आहे. दोन प्रती, एकीवर शाखेचा शिक्का आणि पोच. ती प्रत मी फाईलला लावली. चालू खात्यात आलेली अनोळखी रक्कम वर्षअखेरीला सीएच्या नजरेस पडतेच. ही विक्री कुठली, असं त्यांनी विचारलं की दाखवायला तो शिक्का हवा.

मग बाईंनी त्या ६४,००० वर होल्ड लावला, म्हणजे ती रक्कम खात्यातच अडवून ठेवली. मला ते पटायला क्षणभर वेळ लागला, कारण मी काही ते काढणार नव्हते. पण खातं माझ्या मनाप्रमाणे चालत नाही. गुरुवारी तेजाबवाल्याचा चेक वटायचा होता, शुक्रवारी भट्टीच्या कर्जाचा हप्ता आपोआप कापला जाणार होता. आमची स्वतःची शिल्लक कमी पडली असती, तर त्या चेकने गुपचूप कारखान्याच्या पैशांत हात घातला असता आणि मला पत्ताही लागला नसता. होल्ड लावल्यावर खरी शिल्लक समोर आली: एकोणीस हजार आणि काही रुपये. बुधवारी नवऱ्याने दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन मजुरी मागून आणली, तेव्हा गुरुवारचा चेक वटला.

आजच का परत करत नाही, हेही मी विचारलं. बाई म्हणाल्या, चूक बँकेची असती तर बँकेने आपली नोंद आपणच उलटवली असती. इथे पाठवणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर बँकेने पैसे बरोबर टाकलेत. क्रमांक लिहिणारा चुकला आहे. म्हणून त्या बाजूची लेखी मागणी आणि या बाजूची संमती, दोन्ही लागतात. एक अधिकारी नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. माझी संमती हातात असल्यामुळे त्यांनी पाठवणाऱ्याच्या बँकेला ईमेल करून विचारणा केली.

चेन्नईने बँकेच्या बाजूच्या चुका मोठ्या आकड्यांत पाहिल्या आहेत. मे २०२२ च्या अखेरीस टी. नगरमधल्या एचडीएफसी बँकेच्या शाखेतल्या शंभर खातेदारांच्या खात्यांत प्रत्येकी १३ कोटी रुपये दिसू लागले. संगणकप्रणालीतला तो दोष होता आणि बँकेने खात्यांतून पैसे काढणं थांबवून तो निस्तरला. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या एका टॅक्सीचालकाच्या तमिळनाड मर्कंटाईल बँकेतल्या खात्यात ९,००० कोटी रुपये आले. त्याची स्वतःची शिल्लक होती १०५ रुपये. खरं की खोटं हे पाहायला त्याने मित्राला २१,००० पाठवले, ते पोचले, आणि थोड्याच वेळात बँकेने उरलेली रक्कम परत घेतली. त्या एकवीस हजारांवरून मग वाद झाला आणि बोलणी करून तो मिटवावा लागला.

त्याच वर्षी १० ते १३ नोव्हेंबरच्या दरम्यान यूको बँकेच्या ४१,००० हून अधिक खात्यांत आयएमपीएसमधल्या गोंधळाने सुमारे ८२० कोटी रुपये जमा झाले. पाठवणाऱ्यांच्या खात्यांतून मात्र ते गेलेच नव्हते. अनेकांनी पैसे परत करण्याऐवजी काढून घेतले. प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात ६७ ठिकाणी झडत्या झाल्या.

मला सगळ्यांत जास्त टोचते ती पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट. २०२१ मध्ये त्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये आले. निवडणुकीत ऐकलेलं पंधरा लाखांचं आश्वासन पुरं झालं असं त्याला वाटलं आणि त्यातल्या सुमारे नऊ लाखांत त्याने घर बांधलं. काही महिन्यांनी कळलं की पैसे पिंपळवाडी ग्रामपंचायतीचे होते. आपण चोरी केली अशी भावना त्याच्या मनात नसणार. पण घराच्या भिंती परत देता येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात शाखेत जाऊन "हे कुणाचे?" एवढं विचारलं असतं, तर तो माणूस वाचला असता.

कायदा या बाबतीत जुना आणि सरळ आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत. चूक सर्वस्वी समोरच्याची असली तरी ही जबाबदारी टळत नाही. पैसे खात्यात येणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याचे आहेत हे कळूनही ते वापरले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. १ जुलै २०२४ पासून त्यात किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं कैद, शिवाय दंड आहे.

आणि चूक आपल्या हातून झाली असेल, तर त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवावं, यूटीआर द्यावा, तक्रार क्रमांक घ्यावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पाठवण्याआधी नाव वाचावं, हे त्याहून सोपं. रिझर्व्ह बँकेने नेफ्ट आणि आरटीजीएससाठी पैसे घेणाऱ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं. पण शंभर ओळींची यादी एकदम चढवणाऱ्या कारकुनाला प्रत्येक नावावर थांबायला सवड कुठे असते?

आमच्या बाबतीत तसंच झालं होतं. चौथ्या दिवशी, गुरुवारी, समोरच्या बँकेची मागणी आली. कारखाना तिरुपूरकडचा. यादी भरताना शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. पैसे ज्यांना जायचे होते ते आमच्याच शाखेचे खातेदार, बटणं आणि चेन पुरवणारे एक छोटे व्यापारी. नाव बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून ते रोज येऊन विचारत होते, पैसे आले का म्हणून."

म्हणजे माझ्या अर्जावर शिक्का बसत होता त्या वेळी ते कदाचित त्याच हॉलमध्ये, दुसऱ्या रांगेत उभे असतील. आडी महिना त्यांनाही होताच. त्यांच्याही एखाद्या चेकची तारीख जवळ आली असेल.

शुक्रवारी ६४,००० खात्यातून वळते झाल्याची नोंद आली. मी कीर्द उघडली, उचंत खात्याला नावे टाकले आणि शिल्लक शून्य केली. आप्पांनी विचारलं, "कुणाचं हुतं?"

"नाव नाही कळलं, आप्पा. वजन मात्र जुळलं."

त्यांनी मान हलवली आणि हातातली पुडी तराजूत ठेवली.