मनगटातलं दार

मामांच्या उजव्या मनगटावर पारदर्शक प्लास्टिकचा एक पट्टा बांधलेला होता. पट्ट्यात हवेची इवलीशी पिशवी, तिच्यावर हिरवा ठिपका आणि बाजूने निघालेली एक बारीक नळी. अँजिओग्राफी होऊन जेमतेम दोन तास झाले होते आणि मामा पलंगावर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. दर थोड्या वेळाने सिस्टर यायच्या, नळीला सिरिंज लावायच्या, दोन मिली हवा काढून घ्यायच्या आणि वाकून त्या हिरव्या ठिपक्याखाली बघायच्या. एकदा हवा काढताच ठिपक्याखाली रक्ताचा थेंब फुगला. सिस्टरनी काढलेली हवा तिथल्या तिथे परत भरली. थेंब थांबला.

"अजून अर्धा तास थांबू, आजोबा. मनगट वाकवायचं नाही हं," एवढं बोलून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

मी मात्र त्या थेंबापाशीच अडकलो. दोन मिली हवा, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही. तेवढीच रक्त वाहणं आणि न वाहणं यांच्या मध्ये उभी होती. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "ब्लॉक किती? स्टेंट टाकला का?" आत शिरायचं दार कसं उघडलं आणि परत कसं लावलं, हे कुणीच विचारलं नाही. मला तर आता वाटतं, सगळ्या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे.

धमनी म्हणजे दाबाखाली वाहणारा नळ. आपण रक्तदाब १२० म्हणतो तेव्हा १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरेल इतका तो दाब असतो. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर हाच स्तंभ सुमारे १ मीटर ६३ सेंटीमीटर उंच होतो, म्हणजे चांगला माणसाएवढा. अशा नळाला भोक पाडायचं, त्यातून तारा-नळ्यांची ये-जा करायची, वर रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यायचं आणि काम झालं की त्याच भोकाला बंद हो म्हणायचं!

हृदयापर्यंत नळी नेण्याचं पहिलं मोठं धाडस शिरेतून झालं, कारण शिरेतला दाब अगदी कमी. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने वरिष्ठांचा नकार डावलून स्वतःच्या कोपराच्या शिरेतून मूत्रमार्गात घालायची ६५ सेंटीमीटर लांब नळी आत सरकवली. मग तसाच चालत एक्स-रे विभागात जाऊन नळीचं टोक हृदयात पोचल्याचा पुरावा घेतला. त्याची तेव्हा हेटाळणी झाली. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा तो मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करत होता.

धमनीचं दार उघडायची युक्ती मात्र स्वीडनच्या एका रेडिओलॉजिस्टला सुचली. त्याचं नाव स्वेन-ईव्हार सेल्डिंगर, काम स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात, वय तिशीच्या थोडं पुढे. त्या काळी अडचण अशी होती की नळी आत घालायची तर ती सुईच्या पोटातून घालावी लागे. म्हणजे सुई नळीपेक्षा जाड हवी. जाड सुईने पाडलेलं भोक नळीपेक्षा मोठं, मग नळीच्या कडेने रक्त झिरपणारच. दुसरा मार्ग म्हणजे कातडी कापून धमनी उघडी करायची, तीही एक शस्त्रक्रियाच.

सेल्डिंगरने क्रम उलटा केला. आधी बारीक सुई धमनीत. सुईतून लवचीक तार आत. मग सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची. आता त्या तारेवरून नळी ओवत न्यायची आणि नळी जागेवर बसली की तार ओढून घ्यायची. ज्यांनी परकराच्या नेफ्यात नाडी ओवली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सेफ्टी पिन पुढे जाते, नाडी तिच्या मागे येते, पिन निघते आणि नाडी राहते. मराठीत कमरेची नाडी आणि मनगटाची नाडी यांना एकच शब्द आहे, आणि वैद्यकात त्या दोघी अशा एका कृतीत भेटतात याचं मला फार कौतुक वाटतं.

१९५३ साली सेल्डिंगरचा लेख छापून आला. एवढ्याशा युक्तीवर प्रबंध होऊ शकत नाही असं त्याला वरिष्ठांनी सांगितलं, आणि डॉक्टरेटसाठी त्याला वेगळाच विषय घ्यावा लागला. आज अतिदक्षता विभागात मानेच्या शिरेत नळी घालणारा निवासी डॉक्टर, डायलिसिसची नळी बसवणारा नेफ्रॉलॉजिस्ट आणि हृदयाचा स्टेंट टाकणारा तज्ज्ञ, सगळे रोज त्याच क्रमाने हात चालवतात. जगात दिवसाला किती वेळा ती तार ओवली जात असेल याचा विचार केला की प्रबंध नाकारणाऱ्यांची कीव येते.

हृदयाच्या कामात तारेवरून आता थेट नळी जात नाही, आधी शीथ जातो. शीथ म्हणजे दाराची चौकट. पातळ भिंतीची आखूड नळी धमनीत बसते, तिचं तोंड बाहेर राहतं आणि त्या तोंडात रबरासारख्या मऊ पदार्थाची एक झडप असते. झडपेला बारीकशी चीर. तार घाला, चीर तारेभोवती आवळते. जाड नळी घाला, नळीभोवती आवळते. सगळं काढून घ्या, चीर मिटते. मागे माणसाएवढ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब असूनही बाहेर थेंब येत नाही. डॉक्टर एकामागून एक तीन-चार नळ्या बदलतात, पण धमनीच्या भिंतीला पुन्हा धक्का लागत नाही, कारण घासाघीस होते ती चौकटीशी.

या शीथची मापं अजून 'फ्रेंच'मध्ये मोजतात. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात शारिएर नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणारा कारागीर होता, हे माप त्याचं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. हृदयाच्या कामात नेहमी वापरतात तो सहा फ्रेंचचा शीथ आतून दोन मिलिमीटर असतो आणि बाहेरून साधारण अडीच. मनगटातली धमनी स्वतःच दोन ते तीन मिलिमीटरची! म्हणजे चौकट भिंतीला चिकटूनच बसते. धमनी घाबरून आवळू नये म्हणून शीथमधून ती सैल करणारं औषध सोडतात, आणि शीथवर ओला झाला की बुळबुळीत होणारा लेप असतो.

पूर्वी दार असायचं जांघेत. तिथली धमनी मोठी, नळ्या घालायला ऐसपैस. आंद्रेयास ग्रुंटझिगने १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये माणसाच्या हृदयाची पहिली बलून अँजिओप्लास्टी केली तीही जांघेतूनच. पण जांघेतलं दार लावायचं काम अवघड. शीथ काढला की कुणीतरी बोटांनी पंधरा-वीस मिनिटं दाबून धरायचं, न हलता, न बदलता. ज्यांनी हे काम केलंय त्या डॉक्टरांना आणि टेक्निशियनना विचारा, मनगट आणि खांदा कसा भरून येतो ते. धमनीखाली मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा असेल तरच दाबाला आधार मिळतो. सुई थोडी वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साठत जातं, बाहेरून दिसत नाही आणि दाबताही येत नाही. म्हणून पेशंटला तासन् तास पाय सरळ ठेवून उताणं झोपवायचं. अनेक ठिकाणी वर वाळूची पिशवीही ठेवत. तिचा फारसा फायदा होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

मोठ्या दारांसाठी आता वेगळी कुलपं आहेत. एका प्रकारात धमनीच्या आतून छोटी पट्टी आणि बाहेरून कोलॅजनचा बूच दोऱ्याने एकमेकांवर आवळतात. पुढे दोन-तीन महिन्यांत हे सगळं शरीरात विरून जातं. दुसऱ्या प्रकारात उपकरणच आतून सुया फिरवून भोकाला टाका घालतं. जांघेतून हृदयाची झडप बदलायची असेल तर भोक पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जातं. तिथे काम सुरू होण्याआधीच टाके घालून दोऱ्याची टोकं बाहेर ठेवतात आणि शेवटी गाठ सरकवतात. घराबाहेर पडायच्या आधीच परतीच्या दाराची कडी बसवून ठेवण्यासारखं हे आहे.

तरीही मला मनगटातलंच दार अधिक मोहवतं. वैद्य तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अंगठ्याच्या मुळाशी टेकवून नाडी बघतात, तीच ही धमनी. ती कातडीच्या अगदी खाली आहे म्हणून बोटाला लागते. तिच्या खाली हाड आहे म्हणून दाबता येते. आणि तळहाताला रक्त पुरवणारी ती एकटी नाही. करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी येते आणि तळव्यात दोघींच्या कमानी जुळतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून १०० जणांच्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. पुढे युरोपातल्या चार देशांत ८,४०४ हृदयरुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. मनगटाच्या वाटेने गेलेल्यांत रक्तस्राव कमी होता, आणि ३० दिवसांतले मृत्यूही २.२ टक्क्यांऐवजी १.६ टक्के होते. दार कुठे उघडलं यावर जीव वाचणं अवलंबून असू शकतं, हे मला त्या आकड्यांनी शिकवलं.

आता पुन्हा मामांच्या पट्ट्याकडे येऊ. अशा पट्ट्यांतला सर्वांत माहितीतला पट्टा टेरुमो या जपानी कंपनीचा. १९२१ साली ही कंपनी थर्मामीटर बनवण्यासाठी निघाली, आणि ती काढणाऱ्यांत कितासातो शिबासाबुरो होते. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगच्या जंतूचा शोध घेणारे तेच कितासातो. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला होता.

पट्टा पारदर्शक का, तर रक्त आलं की लगेच दिसावं म्हणून. हिरवा ठिपका भोकावर बरोबर बसावा म्हणून. पट्ट्याची पाठ कडक आणि वाकडी, म्हणजे दाब फक्त अंगठ्याच्या बाजूला पडतो आणि करंगळीकडची धमनी मोकळी राहते. आत साधारण १३ ते १८ मिली हवा. इतकं साधं यंत्र, पण खरा प्रश्न त्याने किती दाबायचं हा आहे.

आधी सगळ्यांना वाटायचं, जितकं घट्ट तितकं बरं. रक्त थांबणं महत्त्वाचं. पण धमनी पूर्ण दाबली तर तिच्यातलं रक्त तिथेच उभं राहतं, आणि उभं राहिलेलं रक्त गोठतं. बाहेरचं भोक बंद होतं खरं, पण आतली वाटही बुजते. पेशंटला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही, कारण दुसरी धमनी हात सांभाळून घेते. मात्र पुढच्या अँजिओसाठी ते दार गेलं, बायपाससाठी ती धमनी गेली, डायलिसिससाठी तिथे धमनी-शीर जोडून फिस्टुला करायचा मार्ग गेला. म्हणून दाब असा हवा की भोकातून थेंब येऊ नये आणि धमनीतून प्रवाह थांबू नये. बाकीचं काम शरीर करतं. रक्तातल्या चपट्या पेशी भोकाच्या कडेला चिकटतात, त्यांच्यावर फायब्रिनचे धागे विणले जातात. पट्टा फक्त त्यांना वेळ मिळवून देतो.

आत प्रवाह चालू आहे हे कसं ओळखायचं? कोविडच्या काळात घरोघरी आलेला तो बोटाचा चिमटा, ऑक्सिमीटर, इथे उपयोगी पडतो. चिमटा अंगठ्याला किंवा तर्जनीला लावायचा. करंगळीकडची धमनी बोटाने दाबून बंद करायची. आता बोटापर्यंत रक्त येईल ते पट्ट्याखालच्या धमनीतूनच. पडद्यावर सपाट रेघ दिसली तर पट्टा फार घट्ट आहे. मग थोडी थोडी हवा काढत जायचं. लहर उमटली आणि रक्त आलं नाही, की तोच नेमका दाब. २००८ साली समीर पंचोली, अहमदाबादचे तेजस पटेल आणि सहकाऱ्यांनी ४३६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीसारखं दाबलेल्यांत २४ तासांनी १२ टक्क्यांची धमनी बंद आढळली, असा प्रवाह राखून दाबलेल्यांत ५ टक्क्यांची. महिन्याने हेच आकडे ७ आणि १.८ टक्के होते. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त हवा किती ठेवायची याचं भान.

मामांच्या सिस्टर काय करत होत्या, ते मला हे सगळं वाचल्यावर कळलं. संध्याकाळी पट्टा निघाला तेव्हा मनगटावर तिळाएवढा लाल ठिपका होता. मामांनी दुसऱ्या हाताची तीन बोटं आपणहून त्याच्या थोडं वर टेकवली, वैद्य टेकवतात तशी. "लागतेय," ते म्हणाले.

तुमच्या घरात कुणाची अँजिओ असेल तर एवढं लक्षात ठेवा. पट्टा टोचतोय म्हणून स्वतः सैल करू नका आणि त्यातली हवा काढू नका. बोटं बधिर झाली, निळी किंवा गार पडली, ठणकायला लागली, तर सिस्टरना लगेच सांगा. डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या हाताने बादली उचलू नका. आणि घरी गेल्यावर त्या जागेतून रक्त आलंच, तर घाबरून धावपळ करू नका. बसा किंवा आडवे व्हा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नेमक्या त्या ठिपक्यावर घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका, आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.